सहलप्रमुख

प्रत्येक शाळेत एक सहलप्रमुख असतो. त्याला कुणी नेमत नाही. बाकीचे शिक्षक गणित-भूगोल शिकवत असतात तेव्हा हा जूनपासून जानेवारीची वाट बघत असतो. शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी, पालकांची संमतीपत्रं, एसटीचा नैमित्तिक करार, निम्म्या भाड्याच्या सवलतीचा अर्ज, सगळं त्याच्या काखेतल्या पिशवीत. आमच्या जांब समर्थच्या सहलप्रमुखांकडे पिशवीशिवाय दोन पोतीही असतात. पोत्यांत मोसंबी.

तसं या गावाला सहलीचं वळण जुनंच. इथून पहिली सहल काढली ती नारायण सूर्याजीपंत ठोसर या मुलानं. परंपरा सांगते, थेट बोहल्यावरून. संमतीपत्र नाही, परवानगी नाही. बारा वर्षं नाशिकजवळ टाकळीला आणि पुढची बारा वर्षं भारतभर. परतीची तारीखही कळवली नव्हती. त्याचे समर्थ रामदास झाले म्हणून ठीक. आमच्या सरांच्या हाताखाली असता तर अंबडलाच मोसंबी देऊन परत बसवला असता.

पहाटे चारला गाडी सुटायची होती, म्हणून साडेतीनलाच अर्धं गाव शाळेपुढे. कोकणात चाललेत म्हणजे आमच्याकडं लेकरं परदेशीच चालली. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, कानटोप्या. एक माय मुलाला बजावत होती, "समुद्राचं पाणी पिऊ नको रं, सर देतील तेच पी." पोती टपावर टाकू या म्हटलं तर सरांना जणू मीच टपावर टाकायला निघालोय असं वाटलं. पोती ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसली. तो बाक माझा होता.

"मग मी कुठं बसू, सर?"

"तुम्ही तरुण आहात," सर म्हणाले.

अंबड यायच्या आत पहिली उलटी झाली. सरांनी मोसंबी सोलली. उलटी करणाऱ्याला मोसंबी मिळते हे कळताच मागच्या तीन बाकांवर एकदम मळमळ सुरू झाली. डोकं दुखलं, मोसंबी. घरची आठवण आली, मोसंबी. खिडकीवरून दोन पोरींचं भांडण जुंपलं, दोघींना अर्धी अर्धी. ज्याला काहीच झालेलं नाही त्याला, "पुढं होऊ नये म्हणून." साल मात्र खिडकीबाहेर टाकायची नाही; ती सरांच्या तिसऱ्या, रिकाम्या पोत्यात. घरी नेऊन खत करायचं म्हणे! म्हणजे सहल संपताना दोन पोत्यांची तीन होणार आणि माझा बाक तर आधीच गेलेला.

पाचोडला तर त्यांनी हद्द केली. मोसंबीचा एवढा मोठा बाजार तिथला, दाराशी ढीग लागलेले, आणि हे खाली उतरून तिथल्या अडत्याला आपलं फळ चाखायला देऊन आले. "न्यूसेलर आहे. मृग बहार." अडत्यानं हात जोडले.

पुढं एका टोलनाक्यावर फास्टॅग वाचला जाईना. मागं हॉर्नांचा गजर. सर दोन मोसंब्या घेऊन उतरले. "आमच्या जालन्याच्या मोसंबीला जीआय मानांकन आहे बाळा, 2016 चं." टोलवरच्या पोराला ते सवलतीचं कार्ड वाटलं. तो म्हणाला, "काका, ते इथं चालत नाही."

दिवसभरात एकाच ठिकाणी सरांनी पोत्याला हात लावला नव्हता, पैठणला. जायकवाडीचं धरण बघून पोरं वेडी झाली, सत्तावीस दरवाजे तीन तीनदा मोजले. एकाला तर समुद्र हाच वाटला आणि आता परत फिरायचं का, असं त्यानं विचारलं. सर त्या पाण्याकडं पाठ करून गाडीच्या चाकाची हवा बघत होते. मला वाटलं, चला, दमला एकदाचा गडी.

सज्जनगडावर पोचलो तेव्हा दरवाजा बंद व्हायच्या बेतात होता. "आपल्या गावचा पोरगा इथं येऊन राहिला," एवढंच समर्थचरित्र सरांनी पायऱ्यांवर सांगितलं, तेही धापा टाकत, कारण उरलेलं पोतं त्यांच्याच पाठीवर होतं. महाप्रसाद घेऊन पोरं भक्तनिवासात आडवी झाली. आम्ही हिशेब लिहायला बसलो. पैठणला काय झालं होतं, ते मी तेव्हा विचारलं.

"2012 ला पाऊस गेला," सर वहीतून मान न काढता म्हणाले. "धरण मृतसाठ्यावर. डावा कालवा आमच्या तालुक्यातूनच जातो, पर त्यात पाणी कुठलं? उन्हाळ्यात टँकर विकत घेतले. चारशे झाडं होती, बारा वर्षांची. पगार टँकरात गेला, सोसायटीचं कर्ज टँकरात गेलं. मे महिन्यात जेसीबी लावला. तेबी भाड्यानंच." मग आकडेमोड करून त्यांनी दोन ओळी खोडल्या. "बांधाकडची तीस-पस्तीस राहिली. व्यापारी दर वर्षी येतो. टनामागं छूट मागतो, वरून फळ बारीक आहे म्हणतो. ह्या लेकरांनी कधी म्हटलं का बारीक आहे?"

लेकरांनी दिवसभरात काय काय म्हटलं होतं, ते मी सांगितलं नाही. मागच्या बाकावरच्यांनी सरांचं नाव केव्हाच 'मोसंबी सर' ठेवलं होतं आणि दुपारपर्यंत मीही तेच वापरू लागलो होतो.

वहीत 'प्रथमोपचार' असं एक सदर होतं. त्यापुढं सरांनी सुबक अक्षरात लिहिलं: मोसंबी, दोन पोती. रकमेच्या रकान्यात: निरंक.

"सर, काहीतरी किंमत टाका," मी म्हटलं. "ऑडिटवाला विचारील ना, दोन पोती माल फुकट आला कुठून?"

सरांनी टोपण लावलं.

"विचारू द्या. त्यालाबी एक देऊ."