मामाने ठेवलेलं नाव

नाव ठेवायचा मान आत्याचा. मामाच्या वाट्याला वाळे, गोफ, म्हणजे एकूण खर्च. बहीण बाळंतपणाला माहेरी, बालाघाटला आली. बारशाला नागपूरहून आत्या आली, बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करून ‘अर्णव’ म्हणाली आणि पेढ्यांचा पुडा घेऊन गेली. आता वर्गात हाक मारली की निम्मी बाकं उभी राहणार.

म्हटलं, कागदावरचं नाव त्यांचं, हाकेचं आपलं. पोरगं डॉक्टरांनी दिलेली तारीख उलटून आरामात आलं होतं. उशिरा येऊन भाव खाणारा आमच्या जिल्ह्यात एकच, चिन्नोर! बाकीचं धान विकून झालं तरी हा आपला शेतात उभा. उतारा कमी, पण एका घरी शिजला की सगळ्या गल्लीला कळतं. २०२१ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. भाच्याच्या दुपट्याचा वासही गल्लीभर जातो. मानांकन तेवढं बाकी आहे.

पहिल्याच दिवशी ओसरीवरून जोरात हाक मारली, “चिन्नोऽऽर!” फाटकाशी सायकल थांबली. “कितने किलो का है, भैया?”

बहिणीने त्याचा लगेच ‘चिन्या’ केला. ते चालण्यासारखं होतं. पण आई ‘बाळ’ सोडायला तयार नाही. “सावकाश बघू गं नावाचं,” म्हणते. मी म्हटलं, “टिळकांकडेही असंच झालं. नाव केशव, पण घरातलं ‘बाळ’च चिकटलं. सरकारने राजद्रोहाचा खटला भरला तोही बाळ गंगाधरांवर!”

“मग वाईट काय झालं?” आई म्हणाली.

यावर काय बोलणार? शेवटी गावाकडूनच धडा घेतला. या गावाचं जुनं नाव बुऱ्हा. बालाघाट हे मुळात जिल्ह्याचं. पण तेच गावाला चिकटलं आणि बुऱ्हा मागे पडलं. माझा संशय कचेरीतल्या कारकुनांवर आहे. म्हणून मीही लिहीत सुटलोय. ग्राइप वॉटरच्या बाटलीवर चिन्नोर, झबल्यांच्या पिशवीवर चिन्नोर. दूधवाल्याच्या वहीत लिहिलं, तर तो विचारतो, “खीर बनानी है क्या?”

होळीनंतर बहीण नागपूरला जाईल आणि तिथे आत्याचं राज्य. तेव्हा मंडळी, त्याआधी इकडे येणं झालं तर घरी जरूर या. फाटकातूनच, आईला ऐकू जाईल अशी हाक मारा. किती किलो, ते मात्र विचारू नका.