डिसेंबरात बेळगावला येताय?

पहिल्यांदाच येणाऱ्या पाहुण्यांना आम्हा अनगोळकरांच्या चार सूचना.

थंडीत इथली हवा झकास असते, हे बेंगळूरच्या सरकारलाही ठाऊक आहे. म्हणून तेही बहुधा डिसेंबरातच सहलीला येतं. त्या सहलीला हिवाळी अधिवेशन म्हणतात. २०१२ साली उद्घाटन झालेली सुवर्णसौध ही त्यांची धर्मशाळा. त्या दिवसांत लॉजवर खोली मिळेल, या भ्रमात राहू नका. मंत्री, आमदार, साहेब आणि साहेबांचे साहेब आधीच उतरलेले असतात.

कोल्हापूरहून निपाणीमार्गे रस्ता सरळ आहे, पण निघण्याआधी पेपर वाचा. सीमावाद तापला की एसटी थांबते. २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या दोन मंत्र्यांनी ३ डिसेंबरला यायचा बेत आखला, तो ६ तारखेवर ढकलला आणि शेवटी रद्द केला. तुमचं नियोजन त्याहून पक्कं हवं.

येळ्ळूरचा राजहंसगड जरूर पाहा. तिथल्या शिवपुतळ्याचं उद्घाटन २०२३ च्या मार्चमध्ये दोनदा झालं. पुतळा एकच असल्याने एकदा पाहिला तरी चालतो. टिळकवाडीत काँग्रेस विहीर आहे. १९२४ च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली अधिवेशन भरलं, त्यासाठी खोदलेली. त्या अधिवेशनामागे निदान विहीर उरली. हल्लीच्यांमागे काय उरतं, ते सापडलं तर आम्हालाही कळवा.

जाताना कुंदा घ्याच. सीमेचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. कुंद्यावर अजून कुणी दावा लावलेला नाही. तोवर खाऊन घ्या.