थर वाळू द्या की!

व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत सध्या एक उपमा जोरात आहे: माणूस म्हणजे तैलचित्र, थरावर थर चढवत जायचं. उपमा झकास. फक्त ती देणाऱ्यांनी तेलरंगाची ट्यूब कधी पिळलेली दिसत नाही.

तेलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. त्यातलं जवसाचं तेल (हो, आपण सोलापूरकर भाकरीबरोबर ज्याची चटणी खातो तेच जवस) हवेतला प्राणवायू घेत सावकाश घट्ट होतं. पातळ थराला काही दिवस, जाड थराला महिने. खाली तेल कमी, वर जास्त, हा नियम. उलट केलं की वरचा थर आधी वाळतो, खालचा हलत राहतो आणि तडे जातात. व्हार्निश तर सहा महिने-वर्षानंतर.

शिबिर मात्र दोन दिवसांचं, जेवणासकट. शनिवारी ओल्या न्यूनगंडावर आत्मविश्वासाचा जाड थर, रविवारी दुपारी प्रमाणपत्राचं व्हार्निश. सोमवारी साहेब ओरडले की तडा! शिवाय जुन्या तैलचित्रात वरचा रंग कालांतराने पारदर्शक होतो आणि झाकलेलं पुन्हा डोकावतं, हे शिबिरात कोण सांगणार?

आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात १९१५ साली जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेन मुंबईत आधी सिनेमाची होर्डिंग्ज रंगवत. घाईचं काम तिथे शोभतं. पिक्चर उतरला की होर्डिंगही उतरतं.

तेव्हा फी भरण्याआधी संयोजकांना एवढंच विचारा: पहिला थर वाळायला किती दिवस देणार?