दोन दिवस उपाशी, अहवाल निरंक

शिक्षणाचं धोरण कोण ठरवतं, असा प्रश्न निघाला की लोक दिल्लीकडे नाहीतर मुंबईकडे बघतात. हिंगोली जिल्ह्यातल्या माणसाला एवढी मान वळवायची गरज नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये कळमनुरीचे आमदार संतोष बांगर लाख गावच्या जिल्हा परिषद शाळेत गेले आणि समोरच्या पोरांना त्यांनी उभ्या उभ्या एक धोरण देऊन टाकलं. आईबाप पुढच्या निवडणुकीत मला मत देणार नसतील तर दोन दिवस जेवू नका. का जेवत नाही असं विचारलं, तर सांगा, संतोष बांगरला मत द्या, मगच जेवू. पोरांकडून हे वदवूनही घेतलं. घोकंपट्टी हद्दपार झाली म्हणणाऱ्यांनी त्याचा व्हिडिओ जरूर पाहावा. राज्यभर फिरला होता.

मला तरी त्यात नाव ठेवायला जागा दिसत नाही. १९८६ नंतर देशाला पुढचं शैक्षणिक धोरण मिळायला ३४ वर्षं लागली. इथे समिती नाही, मसुदा नाही, हरकती-सूचना नाहीत. लाभार्थी ठरलेला, कालावधी ठरलेला, फलित मोजता येण्याजोगं. वर शासनाच्या तिजोरीवर एक रुपयाचा भार नाही, उलट बचतच.

निवडणूक आयोगाने मात्र नेमकं त्याच आठवड्यात, ५ फेब्रुवारीला, लहान मुलांना प्रचारात कोणत्याही प्रकारे वापरू नका, असं सगळ्या पक्षांना बजावलं होतं. पण ते पत्र होतं. लिंक असती तर 'आज दुपारी १२ पर्यंत भरा, अत्यंत तातडीचे' म्हणून केंद्रप्रमुखांनी सकाळीच ग्रुपवर टाकली असती आणि गुरुजींनी पाहुण्यांच्या सत्काराआधी ती भरूनही टाकली असती.

आता अंमलबजावणी. इथे अडचणी आहेत, आणि त्या मी वर्गशिक्षकाच्या बाजूने मांडतो. 'जेवू नका' यात फक्त घरची भाकर येते, की शाळेची खिचडीसुद्धा? घरची भाकर आईबापाची; तिच्यावर रुसता येतं. खिचडी शासनाची. पहिली ते पाचवीच्या पोरामागे दररोज १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५०. त्यातून अनुक्रमे ४५० आणि ७०० उष्मांक पोटात गेले पाहिजेत असा दंडक आहे. पोरगं उपोषणाला बसलं की त्याचा तांदूळ शिल्लक राहतो, आणि शिल्लक तांदूळ म्हणजे गुरुजींच्या जिवाला घोर. समजा, हजेरी ४० आणि जेवणारे २२. बाकीचे १८ कुठे गेले? शेऱ्याच्या रकान्यात 'आजारी' लिहावं तर आरोग्य पथक दारात. 'गैरहजर' लिहावं तर सकाळची हजेरी खोटी ठरते. 'मतदानविषयक उपोषण' असा पर्याय पोर्टलवर अजून आलेला नाही. दुसऱ्या दिवशी पंचायत समितीतून फोन येणार: सर, तुमच्या शाळेचं खाणं एकाएकी का घटलं? खुलासा सादर करा.

शिवाय मतदान गुप्त असतं. आईने कुठलं बटण दाबलं हे पोराला कळणार कसं? पालकांकडून हमीपत्र घ्यावं लागेल, दोन प्रतींत, आधार क्रमांकासह. आई एका चिन्हाची आणि बाप दुसऱ्या चिन्हाचा निघाला तर पोराने एकच दिवस उपाशी राहायचं, की दोन दिवस एक वेळ? आणि फेब्रुवारीत ज्यांचे आईबाप ऊसतोडीला गेलेले असतात, जे आजीजवळ राहतात आणि दुपारच्या खिचडीच्या भरवशावर शाळेत येतात, त्यांनी उपास धरायचा तो कुणाला दाखवायला? आईबाप तिकडे उसाच्या फडात, पोराचा रुसवा इकडे गावात. या पोरांना धोरणातून सूट द्यावी, अशी माझी नम्र शिफारस आहे. उपाशी राहण्याचा सराव त्यांना आधीच आहे.

अन्नाविषयी आमदारांचा जिव्हाळा जुना, हे विरोधकांनीही मान्य करावं. ऑगस्ट २०२२ मध्ये कामगारांच्या मध्यान्ह भोजनाचा दर्जा पाहून ते इतके कळवळले की तिथल्या व्यवस्थापकाच्या थोबाडीतच दिली. त्याचाही व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. मोठ्यांचं जेवण वाईट निघालं तर चापट, लहानांचं चांगलं असलं तरी उपास.

पण सगळं श्रेय एकट्या आमदारांना दिलं तर मंत्रालयावर अन्याय होईल. फेब्रुवारी २०२४ च्या सुमाराचं कॅलेंडर काढून बघा. २ फेब्रुवारीपर्यंत राज्यभर मागासवर्ग आयोगाचं सर्वेक्षण चाललं होतं. गुरुजी मोबाइल घेऊन दारोदार हिंडत होते आणि वर्गात पोरं एकमेकांना शिकवत होती. (याला ज्ञानरचनावाद म्हणतात.) शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामं शिक्षकाला द्यावीत असं आहे. आपल्याकडे हे कलम शिक्षक भरतीच्या परीक्षेला विचारतात. नोकरी लागली की विसरायचं असतं.

८ फेब्रुवारीला आदेश निघाला: चौथीपर्यंतची शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नका, लेकरांची झोप होत नाही. उन्हाळ्यातली सकाळची शाळा सोडली तर आमच्या वाडीवस्तीवरची शाळा पहिल्यापासून दहाच्या पुढेच भरते. एवढ्या एका बाबतीत हिंगोली मुंबईच्या पुढे होती, याची नोंद कुणी घेतली नाही.

दुसऱ्याच दिवशी, ९ फेब्रुवारीला, आणखी एक अधिसूचना. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेने गरिबांसाठी २५ टक्के जागा ठेवायची गरज नाही. गावात जिल्हा परिषदेची शाळा असतेच. म्हणजे 'हक्क' कायद्यात राहिला आणि जागा टेपने मोजून गेल्या. औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगो या गुरुत्वलहरी वेधशाळेचा प्रकल्प होतोय. २६०० कोटींचा, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांचा, अवकाशातून आलेली प्रोटॉनहूनही बारीक थरथर टिपणारा. तो उभा राहायच्या आत सरकारने एका किलोमीटरच्या भुजेचा प्रयोग उरकून घेतला. १९ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने अधिसूचना रद्द केली. तोवर प्रवेशाचा हंगाम निघून चालला होता.

त्याच फेब्रुवारीत तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी विद्यार्थ्यांना पत्र लिहिलं. छान केलं. मात्र पत्र वाचून भागणार नव्हतं. पत्रासोबत आईबापाचा आणि पोराचा सेल्फी काढून तो संकेतस्थळावर चढवायचा होता. बापाकडे साधा मोबाइल, गावात रेंज टाकीवर चढल्यावर. शेवटी गुरुजींच्याच मोबाइलवर गावभरच्या आईबापांचे फोटो. त्या दिवसांत एखाद्या शाळेच्या भिंतीआड फोटो निघताना दिसला असता, तर तिथे गणिताचा तास आहे असं खुशाल समजायला हरकत नव्हती.

मार्चच्या १५ तारखेला संचमान्यतेचा, म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक द्यायचे याचा, निर्णय आला. सहावी ते आठवीचा पट वीसच्या आत असेल तर नियमित शिक्षक शून्य. सेल्फी काढायला माणूस कोण उरणार, याचा विचार त्यात झालेला दिसत नाही.

मग गणवेश आला. म्हणजे यायचा होता. 'एक राज्य, एक गणवेश': कापड वरून, शिलाई बचत गटांकडून, माप देवाच्या मनातलं. स्वातंत्र्यदिनाला कित्येक शाळांत पोरं जुन्याच कपड्यांत झेंड्याला सलाम करत होती. डिसेंबर २०२४ मध्ये योजना गुंडाळली आणि अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे, म्हणजे ज्यांच्याकडून काढून घेतले होते त्यांच्याकडेच, आले. हिंदीचंही तसंच. १६ एप्रिल २०२५ ला पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून सक्तीची, १७ जूनला 'सर्वसाधारणपणे' शिकायची, २९ जूनला दोन्ही निर्णय मागे. नामदेव महाराज आमच्या नरसीचे. यावर वाद घालणाऱ्याला आम्ही चहासुद्धा विचारत नाही. ते पंजाबापर्यंत गेले, त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. त्यांना कोणत्या इयत्तेपासून तिसरी भाषा होती, हे तिसऱ्या भाषेसाठी नेमलेल्या समितीने जरूर तपासावं.

असो. २० नोव्हेंबर २०२४ ला मतदान झालं. शाळेच्या खोल्या मतदान केंद्रं झाल्या आणि गुरुजी मतदान अधिकारी. २३ तारखेला कळमनुरीतून संतोष बांगर पुन्हा निवडून आले. लाखच्या पोरांनी खरोखर उपास धरला होता की नाही, धरला तर कुणी कुणी आणि त्याचा मताधिक्याशी संबंध किती, यावर एकही कृतिसंशोधन झालेलं नाही. एरवी पालकभेटीच्या चहाचासुद्धा अहवाल मागवणाऱ्या खात्याकडे हा अहवाल निरंक आहे.

खातं पूर्णपणे गप्प होतं असंही नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक दिवस अंडं सुरू केलं होतं. पोरं त्या दिवशी न चुकता हजर, असं स्वयंपाकाच्या मावशी सांगत. निवडणूक झाली, सरकार बसलं आणि जानेवारी २०२५ च्या अखेरीस नवा निर्णय निघाला: अंड्यासाठी यापुढे वेगळा निधी नाही, द्यायचं तर शाळेने लोकसहभागातून द्यावं. उपासाची कल्पना लोकप्रतिनिधींनी मांडली होती. अंमलबजावणी मंत्रालयाने अंड्यापासून सुरू केली. जेवणाचा बाकीचा भाग तूर्त कायम आहे.

आता मुख्याध्यापकांनी पावतीपुस्तक घेऊन जायचं कुणाकडे, तर त्याच आईबापांकडे, ज्यांच्या मतासाठी पोरांनी ताट बाजूला सारायचं होतं. पावतीपुस्तक छापायचा खर्च कोणत्या लेखाशीर्षातून टाकायचा, याबाबत वरिष्ठांकडून मार्गदर्शन मागवलं आहे.