सगळेच पुढारी

इंग्लंडमधल्या चर्चच्या प्राथमिक शाळांत हल्ली अनुयायी शोधून सापडत नाही. सहावीच्या वर्गात कुणी हाउस कॅप्टन, कुणी शाळा-परिषदेचा सभासद, कुणी पर्यावरणदूत. सगळ्यांत मोठा मान उपासना-प्रमुखाचा. १९४४च्या शिक्षण कायद्याने शाळेत रोजची सामूहिक उपासना सक्तीची केली, त्यामुळे या पदाला कामाची ददात नाही. हा दहा वर्षांचा अधिकारी मेणबत्ती लावतो (आगीच्या धास्तीने कधी कधी सेलवरची), गाण्याची स्लाइड पुढे सरकवतो आणि चर्चचे तपासनीस आले की ‘आमचं इथे ऐकलं जातं’ असं घडाघडा सांगतो. ऐकलं जातं ते भिंतीच्या रंगाबद्दल. जेवणातले उकडलेले वाटाणे मात्र जागचे हलत नाहीत.

याकोब आणि योहान या शिष्यांनी येशूकडे उजव्या-डाव्या हाताच्या मानाच्या जागा मागितल्या, तेव्हा उत्तर मिळालं होतं की मोठं व्हायचं तर सेवक व्हा. शाळेने ते मनावर घेतलं. सेवकांसाठीही बिल्ला काढला, चकचकीत, स्वेटरवर लावायचा.

मुख्याध्यापिकाबाई, एक विनंती आहे. दोन-चार पोरं तरी बिनपदाची ठेवा. टाळ्या वाजवायला कुणीतरी लागेलच की!