पापड शून्य टक्के

वहिनींचा पापड शून्य टक्के आहे. ऐकणाऱ्याला वाटतं पापडात काहीच नाही. पण त्याने बाजारात जाऊन उडदाच्या डाळीचा भाव विचारावा. शून्य आहे तो जीएसटी. कायद्यातली नोंद अशी, की पापडाचं नाव काहीही असो, कर नाही. अपवाद एकच: तो खाण्यासाठी वाढलेला असेल तर. म्हणजे पुडीत असेपर्यंत पापड माफ, आणि हॉटेलच्या टेबलावर आला की करपात्र. २०२१ साली उद्योगपती हर्ष गोएंका यांनी गोल पापडाला कर नाही पण चौकोनी पापडाला आहे, असं ट्विट केलं, तेव्हा केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाला जाहीर सांगावं लागलं की आम्ही पापडाचा आकार बघत नाही. मी ही बातमी वहिनींना वाचून दाखवली. "चौकोनी?" एवढंच म्हणाल्या, आणि त्या उद्योगपतीच्या घरी पापड कोण लाटतं याची त्यांना काळजी वाटू लागली.

सांगलीतल्या आमच्या या घरगुती उद्योगात पापड, लोणचं, भाजणी आणि हळदपूड वहिनींची, अक्षरं माझी. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त. तिथे माणसाला नाव नसतंच. एसई, ईई आणि जेई असे अभियंते असतात. त्यामुळे आद्याक्षरं दिसली की वहिनी हाक मारतात, "भाऊजी, तुमचं काहीतरी आलंय."

जीएसटीचा नंबर काढायची वेळ आली ती बेळगावमुळे. कर लागणारा माल राज्याबाहेर पाठवायचा तर उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी लागते. आणि वहिनींचं लोणचं बेळगावच्या एका दुकानात जातं. बेळगाव महाराष्ट्राचं की कर्नाटकाचं, हा वाद सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. जीएसटीच्या पोर्टलने तो आमच्यापुरता एका सेकंदात निकालात काढला. बिलावर आयजीएसटी, म्हणजे परराज्यातल्या विक्रीवरचा कर. आमच्या दादाने, म्हणजे वहिनींच्या यजमानांनी, त्या दिवशी जेवताना पोर्टलचा निषेध केला.

नंबर आला तो पंधरा अक्षरांचा. वहिनी म्हणाल्या, "हा कुणाच्या बापाला पाठ होणार?" खरं म्हणजे दहा अक्षरं त्यांच्या ओळखीचीच होती. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७ (गोव्याचे ३०, कर्नाटकाचे २९, दादाला हे सांगितलं नाही). पुढची दहा म्हणजे सरळ पॅन. पॅनमधलं चौथं अक्षर 'पी' असेल तर माणूस, 'सी' असेल तर कंपनी, 'एफ' असेल तर भागीदारी. आणि माणसाचं पाचवं अक्षर त्याच्या आडनावाचं. मग तेरावा आकडा त्याच पॅनवर त्या राज्यातली कितवी नोंदणी ते सांगतो, आणि पंधरावं अक्षर नंबर लिहिताना चूक झाली तर पकडतं. राहिलं चौदावं. तिथे बहुतेक सगळ्यांचा 'झेड' असतो. हा झेड कशासाठी, असं मी सीएसाहेबांना विचारलं तर म्हणाले, "पुढे कधी लागलं तर." पंगतीत न आलेल्या जावयासाठी पाट मांडून ठेवावा तशी सरकारने ती जागा राखून ठेवली आहे.

या अक्षरांना लोक उगाच घाबरतात असं माझं मत झालं आहे. घाबरायचंच तर शून्याला घाबरावं. पापडाला कर नाही म्हणून आम्ही पेढे वाटले, आणि मग आयटीसी नावाचं प्रकरण समोर आलं. खरेदीवर भरलेला कर विक्रीवरच्या करातून वजा करून मिळतो, तो आयटीसी. लोणच्याच्या बरण्यांवरचा मिळतो. पापडाच्या पिशव्यांवरचा मिळत नाही, कारण पापडावर करच नाही तर वजा कशातून करणार? वहिनींनी हे शांतपणे ऐकून घेतलं आणि पिशवी पातळ केली.

बरण्यांचाही सुखासुखी मिळतो असं नाही. बरणीवाल्याने ११ तारखेपर्यंत आपल्या विक्रीचं विवरणपत्र, म्हणजे जीएसटीआर-१, भरलं, तर १४ तारखेला आमच्या २बी मध्ये ती खरेदी उमटते आणि २० तारखेच्या ३बी मध्ये आम्हाला तो कर वजा करता येतो. त्याने नाही भरलं, तर आम्ही त्याला दिलेला कर त्याच्याकडे आणि कपाळाला हात आमच्याकडे. (नुसतं दोन नंबरचं विवरणपत्र कुठे गेलं, असा प्रश्न हुशार वाचकाला पडेल. ते २०१७ मध्येच गुंडाळून ठेवलं.) वहिनी आता दर महिन्याच्या दहा तारखेला बरणीवाल्याला फोन करून त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करतात, आणि फोन ठेवता ठेवता, "ते तेवढं आर-वन."

पुतण्या पुण्याहून एमबीए होऊन आला तेव्हा आणखी अक्षरं घेऊन आला. "आई, आपल्याकडे सीआरएम नाही." म्हणजे गिऱ्हाइकांची माहिती ठेवणारी यंत्रणा. वहिनींनी त्याला ऐकवलं की कुलकर्णी काकूंना बीपी आहे, त्यांना कमी मिठाचं. विश्रामबागच्या डॉक्टरीणबाईंची मुलगी दिवाळीला येते, भाजणी दोन किलो जास्त. आणि कोपऱ्यावरचे सर उधारी विसरतात पण त्यांच्या मिसेस विसरत नाहीत, तेव्हा पुडी त्यांच्या हातात. पुतण्या लॅपटॉपमध्ये टिपून घेत होता. मग त्याने भाजणीची एसओपी मागितली, म्हणजे कृती, मापासकट, लेखी. "धने किती?" "वास येईपर्यंत." तिथे त्याने लॅपटॉप मिटला. मला मात्र तो पोरगा बरोबर वाटतो. वहिनी आठवडाभर माहेरी गेल्या तर आमच्याकडे भाजणीचा वास नेमका कुणाला येणार?

सगळ्यात कामाची अक्षरं मात्र ना पुतण्याने आणली, ना आम्हाला कुणी आपणहून सांगितली. आमची उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची (एमएसएमई) नोंदणी, होती. फुकट होते आणि ऑनलाइन होते म्हणून करून ठेवली होती, एमएसएमई म्हणजे मोठे कारखाने असंच आम्ही धरून चाललो होतो. एका हॉटेलवाल्याकडे गणपतीपासूनची लोणच्याची बिलं थकली होती. माल देणारा सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल, तर त्याचे पैसे लेखी करार नसल्यास १५ दिवसांत आणि करार असला तरी फार तर ४५ दिवसांत द्यावे लागतात. नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, हे २००६ च्या कायद्यातच आहे. पण व्याजाला कोण भितो? भीती घालणारं कलम २०२३ मध्ये आयकरात आलं, ४३बी(एच): मुदत उलटली आणि ३१ मार्चपर्यंतही पैसे दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी धरताच येत नाही. नफा तेवढा फुगतो आणि त्यावर कर बसतो.

फेब्रुवारीत मी उद्यम नंबर टाकून अगदी मऊ भाषेत पत्र लिहिलं. शेवटच्या ओळीत ते कलम. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात हॉटेलवाल्याचा फोन आला. "वहिनी, आपले घरचे संबंध, आणि हे त्रेचाळीस बी काय मधेच?"

"मला नाही बाई त्यातलं कळत," वहिनी म्हणाल्या. "आमचे भाऊजी बघतात ते. एकतीसच्या आत टाका म्हणाले."

तीस तारखेला पैसे आले. नव्या बिलबुकावर आता वर 'श्री गजानन प्रसन्न' आणि खाली ठळक अक्षरांत उद्यम नंबर आहे. छापखान्यातल्या पोराने 'उधारी बंद आहे' ही जुनी ओळ ठेवायची का म्हणून विचारलं, तर वहिनी म्हणाल्या, "काढून टाक. देऊ दे की त्यांना पंचेचाळीस दिवसांनी."