आधी दगड, मग झाड

बागेत झाडं असावीत हे मला तत्त्वतः मान्य आहे. पण झाड हा बागेतला सगळ्यात बेभरवशाचा माल. आज टवटवीत दिसतो, उद्या मान टाकतो. दगड मान टाकत नाही. त्यामुळे तळमजल्यावरच्या फ्लॅटमागची चिंचोळी पट्टी बिल्डरनं ‘प्रायव्हेट गार्डन’ म्हणून आमच्या गळ्यात मारली तेव्हापासून मी माल जमवतोय. झाडं बायको आणते. ती सोनचाफ्याचं रोप हातात धरून उभी असते आणि मी म्हणतो, “थांब, अजून लेव्हल नक्की व्हायचीय.”

खरं कारण वेगळंच आहे. मोगरा फुलला की पाहुणे मोगऱ्याला ‘वा’ म्हणतात. त्यात माझ्या वाट्याला काही येत नाही. दगड, कुंड्या, खडी यांची निवड मात्र थेट निवडणाऱ्याच्या खात्यावर जमा होते. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात सगळं पुणं फुलांपुढे मोबाइल धरून उभं असतं, तेव्हा मी वाकून कुंड्यांच्या बुडाची भोकं तपासत असतो. शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी गृहस्थांना सांगतो, की मातीची नवी कुंडी आधी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावी, नाहीतर झाडाच्या वाट्याचं पाणी तीच पिऊन टाकते. गृहस्थ मान डोलावून पुढे सरकतात. कुंडीवर बाहेरून पांढरं काही उमटलं तर तो रोग नव्हे, पाण्यातले क्षार असतात, एवढं सांगायला मी त्यांच्या मागोमाग जातो.

माझा पहिला काळ जपानी होता. क्योतोच्या र्‍योआनजी मंदिरातल्या बागेत पांढऱ्या खडीवर पंधरा दगड मांडलेत आणि कुठेही बसलं तरी त्यातला एक तरी दिसत नाही, असं वाचल्यावर मला झोप लागेना. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलंय. तिथे मी हात मागे बांधून असा फिरायला लागलो, की एका माळीबुवांनी मला महापालिकेचा माणूस समजून नळाची तक्रार सांगितली. मी ती ऐकून घेतली. ‘बघतो’ असंही म्हणालो.

मग पोत्यांनी पांढरे खडे आले. रोज सकाळी लाकडी दाताळ्यानं मी त्यात लाटा काढायचो. भिंतीपलीकडच्या गुलमोहराला मात्र हे तत्त्वज्ञान मान्य नव्हतं. गुलमोहराचं एक पान म्हणजे शेकडो पर्णिका, एकेक जेमतेम नखाएवढी, पिवळी. ओल्या खड्याला चिकटली की निघत नाही. केरसुणी मारावी तर पानांबरोबर खडेही सुपलीत येतात. शेवटी पाटावर बसून, बायकोचा भुवया कोरायचा चिमटा घेऊन, मी एकेक पर्णिका उचलायला लागलो आणि याला ध्यान म्हणतात असं घरात जाहीर केलं. सोसायटीतल्या मांजरांनी मात्र त्या जागेचा खरा उपयोग पहिल्याच रात्री ओळखला होता. क्योतोत एक दगड दिसत नाही. आमच्याकडे कुठे काय पुरलंय तेच दिसत नव्हतं.

लॉनविषयी थोडक्यात. नर्सरीवाला म्हणाला, “बर्म्युडा घ्या साहेब, गोल्फ कोर्सवर हीच असते.” गोल्फ म्हटल्यावर मी भाव विचारला नाही. वर्गफुटाच्या हिशेबानं गवत आलं, पसरलं, हिरवंगार झालं. बार्शीकडचे मामा आले, उकिडवे बसले, एक तंतू उपटून बोटांत फिरवला आणि म्हणाले, “पैसे देऊन हरळी लावलीस?” हरळी, कुंदा, लव्हाळा खणून काढण्यात त्यांचा जन्म गेलेला. मी त्यांना सांगितलं की शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. ते म्हणाले, “असंल. पण हरळीच की.” जेवताना गप्प होते. निघताना चप्पल घालता घालता त्यांचा हात आपसूक खाली गेला आणि त्यांनी आणखी वीतभर हरळी मुळासकट उपटली. गणेश चतुर्थीला मात्र अख्खी सोसायटी आमच्या दारात असते. गोल्फ कोर्सच्या भावानं पडलेल्या दूर्वांच्या जुड्या मी हसतमुखानं वाटतो.

आता शहाबादी फरशीविषयी. ज्यांना घाई आहे त्यांनी पुढचे काही परिच्छेद गाळले तरी चालेल. घरी येणाऱ्यांना मी ही सवलत देत नाही.

शहाबाद हे गाव कलबुर्गी जिल्ह्यात, सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर. तिथला चुनखडक म्हणजे समुद्राच्या तळाशी थरावर थर बसलेला गाळ. ज्या काळ्या कातळाच्या जिवावर आपण राकट देशाच्या गप्पा मारतो तो दख्खनचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. शहाबादी त्याच्याहून कितीतरी थोरली. थरांतच घडल्यामुळे ती खाणीत पहारीनं उकलते. फरशी पाडायचं निम्मं काम निसर्गानं आधीच करून ठेवलंय. 1871 साली मुंबईकडून आलेली रेल्वे रायचूरला पोचली आणि या वजनदार दगडाला पाय फुटले. मग ती कुठे गेली नाही ते विचारा. चाळीची मोरी, शाळेचा व्हरांडा, एस.टी. स्टँड, सरकारी दवाखान्यातलं बाकडं, वाड्याचा चौक. ज्या मराठी माणसाच्या बुडाला शहाबादीचा गारवा माहीत नाही तो एकतर फार श्रीमंत किंवा फार तरुण.

दगडांतही उच्चनीच असतं. कोटा राजस्थानातून पॉलिश होऊन येतो आणि लॉबीत बसतो. कडप्पा आंध्रातून येऊन स्वयंपाकाच्या ओट्यावर चढला, मग ग्रॅनाइटनं त्याला उतरवलं. जांभ्याविषयी मला आदर आहे. खाणीतून निघताना चिरा तासता येतो इतका मऊ असतो आणि हवा लागली की घट्ट होत जातो. पण पुण्यात जांभा लावणाऱ्याला आपण कोकणातले नाही हे प्रत्येकाला समजावत बसावं लागतं. शहाबादीला कुणी काही विचारत नाही. ती असतेच. तिच्याकडे कुणाचं लक्ष नाही, हीच माझी संधी होती. सगळे इटालियन संगमरवरावर भाळलेले असताना शहाबादी निवडणारा माणूस किती पोचलेला असेल, असं पाहुण्याच्या मनात यावं, ही माझी साधी अपेक्षा.

तिची निगा फार नाही, पण पथ्य कडक. बाहेर घालायची तर पॉलिश नको, पावसात पाय घसरतो. खाली मुरूम, त्यावर धुम्मस, ढाळ घराच्या उलट दिशेला. शेवाळ धरलं तर खराटा, नारळाची शेंडी आणि ऊन. ॲसिड मात्र अजिबात नाही. चुनखडकच तो, ॲसिड पडलं की फसफसतो आणि त्या जागेचा चेहरा कायमचा उतरतो. लिंबानंही हळूहळू तेच होतं. त्यामुळे आमच्याकडे लिंबाचं सरबत फक्त दिवाणखान्यात मिळतं. बागेत बसायचं असेल तर ताक.

एवढं प्रेम मी फरशीच्या दुकानात जाऊन साध्या नव्या मालावर उधळणं शक्य नव्हतं. सोलापुरातलं आमचं जुनं घर पाडायला निघालं तेव्हा मी पहिल्या एस.टी.नं तिथे. मे महिन्यात पारा त्रेचाळिसाला टेकला की त्याच चौकात बनियन काढून, फरशीला पाठ लावून मी वाचनालयातली पुस्तकं संपवली होती. पाठ गरम झाली की शेजारच्या फरशीवर सरकायचं. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, “राडारोडाच आहे, न्या की.” मग त्यानं माझ्या चेहऱ्याकडे बघितलं असावं. “तसं म्हटलं तर जुना माल आहे,” तो म्हणाला, “नगावर सांगतो.” टेम्पोभाडं धरून जी रक्कम झाली तेवढ्यात पुण्यात नव्या फरश्या, कापून, कडा घासून, दारात आल्या असत्या. हे बायकोनं एकदाच सांगितलं. नंतर तिनं नुसतं बघितलं.

त्या चौकाच्या जागी आता इमारत आहे आणि भोवताली भिंतीपासून भिंतीपर्यंत पेव्हर ब्लॉक. मागचा कडुलिंब ठेवलाय, पण त्याच्या बुंध्याला ब्लॉक असे भिडवलेत की मधे काडेपेटीतली काडी जाणार नाही. वर चुन्या-गेरूचे पट्टे, म्हणजे सुशोभीकरण झालं. झाडांच्या जतनाचा कायदा आपल्याकडे 1975 पासून आहे. झाड तोडायला परवानगी लागते. गळा आवळायला लागत नाही. दिल्लीत 2013 साली राष्ट्रीय हरित लवादाला सांगावं लागलं, की बुंध्याभोवतीचं मीटरभर काँक्रीट काढा. झाडाला मुळं असतात आणि ती पाणी पितात, हे लवादाकडून ऐकायची वेळ यावी! आमच्या पुण्याच्या सोसायटीतही चिखल होतो म्हणून ब्लॉक आले. मग पाणी मुरेना म्हणून पार्किंगमध्ये तळं आलं, आणि तळं उपसायला पंप. ‘पानं पडतात’ ही झाडाविरुद्धची तक्रार मी सभेच्या वृत्तांतात रीतसर अनुक्रमांकासह छापलेली वाचली आहे. त्यावर मी उभा राहून आवेशात बोललो. गुलमोहराबद्दल चिमटा हातात धरून मी काय काय बोलत असे, ते बायकोनं सभेला सांगितलं नाही, हे तिचे उपकार.

फरश्या बसत आल्या तेव्हा आई राहायला आली होती. तिला मी खुर्चीवर बसवलं आणि हात पसरून म्हणालो, “ओळख!” तिनं ओळखल्या. ती ऐंशीची आहे, पण तिची नजर थेट तिसऱ्या ओळीतल्या फरशीवर गेली. तिच्यावर वाटीएवढा काळपट डाग आहे. ही तुळशीसमोरची. पणतीतलं तेल वर्षानुवर्षं सांडून आत मुरलेलं.

“अरे मेल्या,” आई म्हणाली, “तो डाग पण आणलास?”

दर शनिवारी ती तो डाग राखेनं, मग सोड्यानं, मग पितांबरीनं घासायची. चुनखडकात मुरलेलं तेल असं निघत नाही, खडूच्या भुकटीचा लेप देऊन ते शोषून घ्यावं लागतं, असं मी तिला समजावायला लागलो. तिनं मला वाक्य पुरं करू दिलं नाही. “तुला काय, तू उघडा पडून पुस्तकं वाचायचास. गार लागते म्हणे. पहाटे चारला धुवून काढायला गारच असते ती. माझे गुडघे कशानं गेले वाटतं तुला?”

मी फरश्यांकडे बघत राहिलो. त्या वेळी चौक रोज धुतलेला असायचा, एवढंच मला आठवत होतं. कुणी धुतलेला, हा प्रश्न मला त्या फरश्यांवर पडून वाचलेल्या एवढ्या पुस्तकांत कुठे भेटला नव्हता. सुनेला हाक मारून आईनं सोडा आणि ब्रश मागवला. खुर्चीतून वाकता येईना, तेव्हा ब्रश माझ्या हातात दिला. मी घासला. डाग तसाच राहिला. “जोर लाव,” ती म्हणाली, आणि बराच वेळ तेच म्हणत राहिली. मला वाटतं, मजेत होती.

गवंडी हे सगळं थापीवर हनुवटी टेकून बघत होता. त्याचा आणि माझा वाद वेगळाच चालू होता. फक्त कडेच्या ओळीला माल लावायचा आणि बाकीच्या दरजा मातीच ठेवायच्या, म्हणजे पाणी मुरेल, असं माझं म्हणणं. “दरजा भरल्या नाहीत तर काम अर्धं दिसतं साहेब,” तो म्हणाला. “लोक म्हणतील, पैसे संपले.” हा मुद्दा मला लागला, कबूल करतो. तरी मी त्याला खाली बसवून शहाबाद, समुद्र, गाळ, थर, 1871, सगळं सांगितलं. पाणी पीत त्यानं ऐकून घेतलं.

“आमी तिकडचेच की,” तो म्हणाला. “वाडीच्या अलीकडं गाव. वडील खाणीवरच होते.”

माझ्या समुद्राचं पाणी जरा ओसरलं. मी म्हणालो, “मग तुमच्या घरी तर अस्सल असेल!”

“छ्या. ती गोठ्याला हाय.” त्यानं हात विजारीला पुसले, मोबाइल काढला आणि घराचा फोटो दाखवला. पांढऱ्याशुभ्र, चकाकणाऱ्या टाइल्स, त्यात छताचा पंखा उलटा दिसत होता. “मोरबीचा माल हाय हा, गुजरातचा,” तो म्हणाला आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला. “दरज दिसती का बघा. दिसणारच नाही. स्पेसर घालून लावलंय मी स्वतः. आता ह्याचं कसं असतं साहेब, मशीनमध्ये दाबत्यात, मग भट्टी. पाणी पीत नाही. डाग धरत नाही. लिंबू पिळा, ॲसिड टाका...” आईनं खुर्ची पुढे ओढून घेतली आणि त्याला म्हणाली, “थांब जरा, चष्मा लावते.” मग तो पहिल्यापासून सांगायला लागला, आणि घमेल्यात कालवलेला माल घट्ट होत चालला होता तरी आम्हा दोघांपैकी कुणालाच त्यानं उठू दिलं नाही.